तुलुमच्या किनाऱ्यावरचा संकल्प

बकुळताईंनी मेक्सिकोला जायचं ठरवलं आणि त्याच दुपारी ट्रंकेतली नऊवारी पातळं काढून गच्चीवर उन्हात टाकली. समुद्रकिनाऱ्यावर नऊवारी, असं कोणी म्हणालं तर त्यांचं उत्तर तयार होतं. "काष्टा असतो. पाण्यात उतरायला त्याहून सोयीचं काही असेल तर शिवून आणून दाखवा!" कीर्तनकार बाई. सभेपुढे उभं राहून उभा जन्म गेलेला. उत्तर शोधायला त्यांना कधी घरात जावं लागत नसे, ते जिभेवरच असायचं.

बेत लेकीचा होता. ईशानी मेक्सिकोतल्या मोंतेरे नावाच्या शहरात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होती. तिनं सगळं आखून ठेवलं होतं. आईबाबांनी पौषात यायचं, आधी थोडे दिवस तिच्या घरी राहायचं आणि मग तिघांनी मिळून तुलुमला जायचं. तुलुम म्हणजे समुद्राच्या कड्यावर उभं असलेलं माया लोकांचं जुनं नगर. खाली पांढरी वाळू, निळंहिरवं पाणी, माडांना बांधलेले झोळीसारखे झोपाळे. फोनवर फोटोंचा पाऊस पडत होता. "आई, तू झोपाळ्यात पडून नारळपाणी प्यायचंस, बस! और कुछ नहीं करना है," असं ती अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगायची. बनारसमध्ये वाढलेली मुलगी, तिला उत्साह आला की हिंदीच यायची.

बकुळताई एका पायावर तयार. अडलं होतं ते बिंदुमाधवरावांपाशी.

बिंदुमाधवराव बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत जन्मले, तिथेच वाढले, शहरातल्याच एका कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झाले. प्रयाग, गया आणि लग्नापुरती वाई, एवढाच त्यांचा प्रवास. आता येत्या कार्तिकी पौर्णिमेला ते क्षेत्रसंन्यास घेणार होते. म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही, असं व्रत. त्यांच्या वडिलांनी घेतलं होतं, आजोबांनी घेतलं होतं. घरात कोणाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ईशानीनंसुद्धा हट्ट केला नाही. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, व्रत जरूर घ्या. पण त्याच्याआधी एकदा माझं घर बघून जा ना. नंतर ते तुम्हाला कधीच दिसणार नाही."

हे वाक्य बकुळताईंच्या मनात रुतून बसलं होतं. समुद्र, वाळू, झोपाळे सगळं छान, पण खरी गोष्ट ही होती. बापानं लेकीच्या दारात एकदा तरी पाऊल टाकावं. आणि ते आत्ता, नाहीतर कधीच नाही.

पौर्णिमा आठवड्यावर आली तशी विश्वेश्वरगुरुजी चहाच्या वेळेला हजर झाले. संकल्प तेच सांगणार होते. बिंदुमाधवरावांपेक्षा वयानं बरेच लहान, त्यांना दादा म्हणायचे.

"वहिनी, पौर्णिमेला सकाळी लवकर आवरून ठेवा," कपात फुंकर घालत ते म्हणाले. "दादा उदक सोडतील तेव्हा तुमचा हात त्यांच्या हाताला लागायला हवा. सपत्नीक आहे ना."

"लावीन की," बकुळताई म्हणाल्या. "अगदी घट्ट धरीन. पण या पौर्णिमेला नाही. पुढच्या वर्षीच्या."

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि दादांकडे पाहिलं.

"ऐकलंत?" बिंदुमाधवराव म्हणाले. "मला बीचवर नेते आहे. चड्डी घालून बसायचं म्हणे."

"चड्डीचं नाव मी काढलेलं नाही. धोतर नेसून बसा, तिथल्या लोकांनाही काही नवं बघायला मिळेल."

"थट्टा सोड. माझा साधा प्रश्न आहे, त्याचं उत्तर दे, मी उद्या बॅग भरतो." ते सरसावून बसले. "सकाळी आंघोळ झाली, मी पूजेला बसलो, हातात पाणी घेतलं. संकल्पात माणूस आधी काय सांगतो? आपण कुठे बसलो आहोत ते. जंबुद्वीप, भरतवर्ष, काशीक्षेत्र, भागीरथीचा पश्चिम तीर. आता या तुलुमला काय म्हणू? द्वीप कुठलं? नदी कुठली? आपण कुठे आहोत हेच ज्याला सांगता येत नाही, त्यानं देवापुढे बसायचं कशाला?"

गुरुजी विचारात पडले. "अमेरिकेतले आपले लोक क्रौंचद्वीप म्हणतात, असं ऐकलंय."

"ऐकलंय! कोणी ठरवलं? तिथे जाऊन कोणी मोजून आलं का? आणि ते माया लोक! मयासुराचे वंशज निघाले तर? मग क्रौंचद्वीप कसलं, सरळ पाताळ म्हणावं लागेल."

"ते मी ईशानीला विचारून घेतलं," बकुळताई म्हणाल्या. "माया हे त्या लोकांचं नाव आहे, मयासुराचा काडीचा संबंध नाही. वर म्हणाली, आई, हे कीर्तनात चुकूनसुद्धा ठोकून देऊ नकोस."

गुरुजींना ठसका लागला. बिंदुमाधवरावांच्याही मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं.

बकुळताईंनी फोन पुढे केला. तुलुमच्या एका लहानशा देवळाचा फोटो होता. दारावर कोनाड्यात देवाची मूर्ती, पण पाय वर आणि डोकं खाली.

"उलटा!" बिंदुमाधवराव विजयानं म्हणाले. "बघा विश्वेश्वर, मी पाताळ म्हणालो ते काय खोटं? देवसुद्धा उलटा टांगलेला."

फोटोखाली ईशानीनं लिहिलं होतं, की याला तिथे 'उतरता देव' म्हणतात, आणि तो नेमका कोण यावर जाणत्यांचंही एकमत नाही. बकुळताईंनी ते वाचलं, पुन्हा मूर्तीकडे पाहिलं आणि बोटानं मांडीवर ठेका धरला. बिंदुमाधवरावांचं लक्ष असतं तर त्यांनी ताडलं असतं. बाईंना कीर्तनाचा पूर्वरंग सापडला होता.

आणखीही एक गोष्ट त्यांना कळली होती. नवरा असे शास्त्राचे बारीक प्रश्न काढून बसला की समजायचं, त्याला कसली तरी भीती वाटते आहे. ईशानी पहिल्यांदा देशाबाहेर निघाली तेव्हा 'प्रस्थान कुठल्या दिशेला ठेवायचं' यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तिची टॅक्सी गेल्यावर देवघरात जाऊन पाठमोरे बसून राहिले होते. भीती कसली, तेही बकुळताईंना ठाऊक होतं. पण ते ज्याचं त्याला बोलावं लागतं. दुसऱ्यानं काढून दाखवलं तर नुसतं भांडण होतं.

संध्याकाळी बालाजीच्या देवळात त्यांचं कीर्तन होतं. कार्तिक महिना, घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदिवे चढलेले. मंडपात आपली मराठी मंडळी, थोडे बँकेतले, रेल्वेतले बदलीवर आलेले लोक, आणि मागे मराठी समजतं पण बोलताना अडखळतं अशी तरुण पोरं. पेटी, तबला, आणि झांजेला नेहमीप्रमाणे बिंदुमाधवराव. लग्न झाल्यापासून बायकोच्या कीर्तनात ते झांज धरायचे. घरात दोघं कितीही तणतणली तरी मंडपात ताल एक असायचा.

नमन झालं. बकुळताईंनी चिपळ्या सावरल्या आणि मंडळींवरून नजर फिरवली.

"अवतार हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला," त्यांनी सुरुवात केली. "पोरगं चिखलात लोळून आलं की आई म्हणते, काय अवतार करून आलास मेल्या! नवऱ्यानं दाढी केली नाही की बायको म्हणते, हा काय अवतार! हसताय? घरोघर हेच. पण अवतार म्हणजे काय हो? उतरणं! वरून खाली येणं. देव मोठा, हे कोणीही सांगेल. तो खाली उतरतो, हे भक्तच सांगू जाणे."

तबल्यावर थाप पडली. त्यांनी दोन पावलं पुढे टाकली.

"सातासमुद्रापलीकडे एक देऊळ आहे. त्याच्या दारावर देव कोरलाय. पाय वर, डोकं खाली. त्याचं नाव मला ठाऊक नाही, कूळ ठाऊक नाही. तो त्या लोकांचा देव, त्याला आपला म्हणून मी पळवून आणणार नाही. माझ्या लेकीनं तशी तंबीच दिलीय. पण आमच्याकडचे काही विद्वान त्याला पाहून म्हणाले, हा उलटा आहे. अहो विद्वान, उलटा नाही, उतरतोय तो! विहिरीत पोरं सूर मारतात ना, तसा. एक एक पायरी टेकत यायला त्याला सवड नाही. एवढी घाई कशाची? खालून कोणीतरी हाक मारली असेल! दुसरं काय असणार?"

मंडपात 'वा' उमटली. 'विद्वान' शब्दावर दोनचार माना झांजेकडे वळल्या. बिंदुमाधवरावांनी नजर झांजेवरून हलवली नाही.

"आता हाकेचं ऐका. माझं माहेर वाईचं. थंडीत बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, की आमचे अण्णा बादलीवर हात धरून गंगेला बोलवायचे. म्हणजे बघा, दाराशी कृष्णा वाहते आहे, आणि हे पितळी बादलीत गंगेला बोलावतायत! मी विचारायची, अण्णा, एवढ्या लांबून ती येते का? ते म्हणायचे, न बोलावता आंघोळ करून बघ एक दिवस. मी केली. अंग स्वच्छ झालं हो, पण दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मीही हाक मारायला लागले. मग लग्न होऊन इथे आले. पहिल्या सकाळी घाटावर उतरले, कमरेपर्यंत पाण्यात उभी राहिले, आणि सवयीनं तोंड उघडलं. सासूबाई काठावरून म्हणाल्या, अगं बाई, जिच्यात उभी आहेस तिला कुठून बोलावतेस?"

हशा पिकला. तो ओसरू देऊन बकुळताईंनी आवाज खाली आणला.

"तुम्ही काशीकर. खरं सांगा, तुमच्यापैकी गंगेला हाक कोणी मारली आहे? मनापासून, ती समोर नसताना?"

पुढच्या रांगेतल्या लीलाकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "आम्ही कशाला मारू? पायरी उतरली की ती आहेच!"

"तेच म्हणते मी, काकू. ती आहेच. भाग्य तुमचं." त्यांनी चिपळ्या थांबवल्या. "पण मग जिला कधी बोलवावंच लागलं नाही, ती बोलावल्यावर येते, हे तुम्हाला कळणार कधी?"

मागे झांज चुकली. एकच ठोका, पण चुकली. तबलजीनं सांभाळून घेतलं, आणि बकुळताई मान न वळवता नामघोषात शिरल्या.

कीर्तन संपलं. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या कीर्तनकाराच्या सगळे पाया पडतात, तिथे वय आणि नातं पाहत नाहीत. बिंदुमाधवरावही वाकले. दर वेळी वाकायचे. उठताना हळूच म्हणाले, "घरी चल. बोलायचंय."

गल्लीत एक सांड आडवा बसलेला. त्याला वळसा घालून दोघं पुढे झाली.

"नाव न घेता मारलंस," ते म्हणाले.

"लागलं का?"

"झांज चुकली माझी."

"सगळ्यांनी ऐकली."

पुन्हा थोडं चालणं झालं. दुधाच्या दुकानात कढईवर पळी आपटत होती. घराच्या पायरीशी आल्यावर बिंदुमाधवराव थांबले. किल्ली हातात होती, पण कुलपाकडे हात गेला नाही.

"बकुळ, तिथे मला काही झालं तर?"

त्या हसल्या नाहीत, की 'असं अभद्र बोलू नये' असंही म्हणाल्या नाहीत. हे वाक्य यायची त्या वाट पाहत होत्या.

"जन्मभर इथे राहिलो," ते म्हणाले. "प्राध्यापकीची चांगली चांगली बोलावणी आली, पुण्याची आली, उज्जैनची आली. गेलो नाही. का? शेवटच्या घटकेला इथे असावं, विश्वनाथानं येऊन कानात तारक मंत्र सांगावा, एवढ्यासाठी. आणि आता या वयात, चार दिवसांच्या समुद्रासाठी..."

"समुद्रासाठी नाही. लेकीसाठी."

"लेकीसाठीच म्हण. पण तिथेच श्वास थांबला तर? सगळं आयुष्य वाया."

बकुळताईंनी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"वाया कसं जाईल हो? सत्तरी आली, विश्वनाथ तुम्हाला ओळखत नाही असं म्हणायचंय का? रोज त्याच्या दारात जाता. तो तुमच्या कानाशी यायला निघाला, तर घाटाची पायरी संपली म्हणून परत फिरेल? त्याला इतकं थोडं समजता, तर मग इथे तरी राहून काय मिळवलंत?" कुलूप उघडलं. दार ढकलता ढकलता त्या म्हणाल्या, "आणि काही झालंच, तर मी आहे ना. मी हाक मारीन. मला सवय आहे. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो."

बिंदुमाधवराव आत गेले, टोपी खुंटीला लावली आणि जेवायला बसले. आमटी दोनदा मागून घेतली.

सकाळी ते आंघोळीला घाटावर गेले नाहीत. असं आजारपणाशिवाय कधी झालं नव्हतं. बकुळताई स्वयंपाकघरात पोहे भिजवत होत्या, तेव्हा न्हाणीघरातून नळाखाली बादली सरकवल्याचा आवाज आला. नळ बंद झाला. मग बिंदुमाधवरावांनी घसा खाकरला, आणि गंगेला, यमुनेला, सगळ्या नद्यांना या पाण्यात या म्हणून बोलावणारे शब्द ऐकू आले. वर्गात हजारदा शिकवलेले शब्द. अर्थ, संधी, विभक्ती सगळं पाठ. पण मध्येच ते अडले. थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, या वेळी सावकाश, जसं दाराबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला आत या म्हणावं. बकुळताईंचा हात पोह्यांत तसाच राहिला. त्यांनी डोळे मिटून विश्वनाथाला नमस्कार केला.

डोकं पुसत बिंदुमाधवराव बाहेर आले.

"पाणी गार होतं," ते म्हणाले.

"कार्तिकात गंगा गारच असते."

ते थबकले, बायकोकडे पाहिलं, आणि अंगावर उपरणं ओढत पाटावर बसले. "पोहे आण. आणि फोन दे तो इकडे."

पहिला फोन विश्वेश्वरगुरुजींना गेला. "विश्वेश्वर, पौर्णिमेचं राहू द्या. पुढल्या कार्तिकात. ...हो, मीच बोलतोय. ...नाही, बायकोनं धमकावलं नाही, कीर्तन केलं. ...संकल्पाचं ना? समुद्रतीरे म्हणेन. समुद्राच्या काठी बसलो आहे, एवढं तर बिलकुल खरं असेल! द्वीप कुठलं ते ज्यानं बनवलं त्याला माहीत. तो काय माझ्याकडून भूगोल ऐकायला बसलाय?"

मग ईशानी. तिथे रात्रीच्या जेवणाची वेळ होती. पडद्यावर तिचा चेहरा आला, मागे ओट्यावर कुकर. बापाला समोर पाहून ती गोंधळली, कारण एरवी फोन आईच करायची.

"काय झालं बाबा? सब ठीक है ना?"

"ठीक आहे. त्या तुलुमला समुद्र कुठल्या दिशेला?"

"पूर्वेला."

"म्हणजे सूर्य पाण्यातून वर येतो? आपल्या घाटावरून समोर दिसतो तसा?"

"अगदी तसाच. बाबा, तुम्ही..." तिचा आवाज मध्येच ओला झाला. "तुम्ही येताय?"

"व्हिसाला दिल्लीला कधी जायचं ते सांग. आणि ऐक, आधी तुझं घर. मला तुझं देवघर बघायचंय. मांडलंयस ना नीट? की फ्रीजवर ठेवलायस देव?"

ईशानीनं झटकन फोन दुसरीकडे वळवला. "फ्रीजवर नाही, मायक्रोवेव्हच्या बाजूला आहे! बाबा, लगेच ओरडू नका!"

"ओरडत नाही. मी आल्यावर हलवू."

बकुळताई पोह्यांची ताटली घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकावल्या. "ईशू, तिथे किनाऱ्यावर एक संध्याकाळ मोकळी ठेव. कीर्तन करणार मी."

"आई! तिथे मराठी कोण समजणार? मी एकटी!"

"एक श्रोता पुरतो. रिकाम्या मंडपातसुद्धा उभी राहिलेय मी. लाटा आहेत, माड आहेत, आणखी काय पाहिजे?"

ईशानी हसत होती आणि ओढणीनं डोळेही पुसत होती. बिंदुमाधवराव मात्र आता तिकडे पाहतच नव्हते. ते उठून कपाटापाशी गेले, कापडात गुंडाळलेल्या झांजा काढल्या, हातात तोलून पाहिल्या आणि तिथूनच ओरडले, "अगं विचार तिला, या सामानात टाकायच्या की हातातल्या पिशवीत? विमानात मध्येच वाजल्या तर चालतं का?"